तक्रार नंबर घेतला का?

(आपल्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त २४ डिसेंबर २०२३ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, सोसायटीच्या गच्चीवर झालेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून देताना बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



अध्यक्षांनी मला सांगितलं, "काकू, कॅमेऱ्याचं सगळं एकदा नीट सांगून टाका. अर्धी सोसायटी अर्धवट ऐकून आहे." खरंच आहे ते. कोणी म्हणतं कॅमेरा बदलून मिळाला, कोणी म्हणतं कोर्टात केस झाली, आणि डी विंगच्या जिन्यात तर मी असंही ऐकलं की कॅमेरा माझ्या हातातून पडला होता. पडला नव्हता. तेव्हा आज सगळं तारीखवार सांगते. फाईल सोबत आणली आहे, ज्यांना बघायची त्यांनी नंतर बघा.

आधी कॅमेरा कशाला घेतला ते सांगते, कारण नव्या सभासदांना ते माहीत नाही. आपली सोसायटी १९९९ ची. तेव्हा डोंबिवलीत या बाजूला रस्ताही धड नव्हता, पाण्याचा टँकर आला की बादल्या घेऊन सगळे खाली. त्या पहिल्या वर्षांचे फोटो होते आपल्याकडे. भूमिपूजनाचे, पहिल्या गणपतीचे, पहिल्या सर्वसाधारण सभेचे. एक जाड अल्बम होता, ऑफिसच्या खालच्या कप्प्यात. २६ जुलै २००५ ला पाणी शिरलं आणि तो अल्बम लगद्यासारखा झाला. आम्ही पानं सोडवून वाळत घातली होती, आठवत असेल काहींना. चेहरे राहिले नाहीत.

म्हणून कमिटीत ठरलं की रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत सर्व मूळ सभासदांचा, जे आहेत त्यांचा, स्वतःच्या दारात उभं राहून एकेक फोटो छापायचा. मोबाईल आहेत की प्रत्येकाकडे, असं काहीजण म्हणाले. पण मोबाईल व्यक्तीचा असतो. मोबाईल बदलला, माणूस दुसरीकडे राहायला गेला, की फोटो त्याच्याबरोबर जातात. सोसायटीचा म्हणून एक कॅमेरा असावा, त्याचे फोटो सोसायटीच्या हार्ड डिस्कवर राहावेत, असा ठराव झाला. मोठा व्यावसायिक कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणार कोण? म्हणून खिशात मावेल असा कॉम्पॅक्ट कॅमेरा. किंमत २८,४०० रुपये. बिल सोसायटीच्या नावावर, पैसे चेकने. स्मरणिकेचं काम माझ्याकडे, त्यामुळे कॅमेराही माझ्याकडे. १० जून २०२३, शनिवार. फोर्टातल्या एका दुकानातून आम्ही तो घेतला. दुकानाचं आणि कंपनीचं नाव मी आज घेणार नाही. भांडण मिटलेलं आहे, आणि आजचा विषय एका कंपनीचा नाही.

घरी आल्यावर पहिली चूक मी केली. बॅटरी चार्ज केली, दोन फोटो काढले, पडद्यावर छान दिसले, आणि कॅमेरा कपाटात ठेवला. पुढच्या रविवारी, १८ तारखेला, फोटोंची फेरी सुरू केली. त्या दिवशी अकरा घरं झाली. संध्याकाळी बी विंगमधल्या आपल्या अकरावीतल्या पोराने फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले आणि म्हणाला, "काकू, हा ठिपका कसला?"

प्रत्येक फोटोत, उजवीकडे वरच्या बाजूला, एकाच जागी, एक करडा डाग. उजेडाची भिंत असेल तिथे ठळक, काळोख असेल तिथे लपलेला. आणि दुसरं म्हणजे प्रत्येक फोटोची डावी बाजू धूसर. माणूस मधे उभा आहे तो स्वच्छ, उजवीकडची पाटी वाचता येते, डावीकडचं सगळं पुसट.

तळमजल्यावरच्या आजी तुम्हाला सगळ्यांना माहीत आहेत. आपल्या पहिल्या अध्यक्षांच्या पत्नी. त्या दारात एकट्या उभ्या राहायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, "सोसायटी ह्यांनी उभी केली, मी नुसती चहा करत होते." मग आम्ही आतून अध्यक्षांची तसबीर आणली आणि आजींच्या बाजूला स्टुलावर ठेवली. डाव्या बाजूला. आजी फोटोत स्पष्ट आल्या. अध्यक्ष पुसट आले.

मी म्हटलं, आजी, कॅमेऱ्यात दोष आहे, दुरुस्त करून आणते, मग परत काढू. आजी म्हणाल्या, "काढ की. मी कुठे जातेय?"

आता तक्रारीकडे वळते.

१९ जूनला मी दुकानात गेले. दुकानदार वाईट माणूस नाही. पण तो म्हणाला, सात दिवसांच्या आत आणला असतात तर बदलून दिला असता, आज नववा दिवस, आता कंपनीकडे जा. म्हणून माझी पहिली विनंती: वस्तू घेतलीत की पहिल्या आठवड्यात तिची परीक्षा घ्या. लग्नाच्या आदल्या दिवशी खोकं उघडू नका. कॅमेऱ्यापुरतं सांगायचं तर परीक्षा घरच्या घरी होते, आणि ती मी आपल्या त्या पोराकडूनच शिकले.

एक, स्वच्छ आकाशाचा किंवा पांढऱ्या कागदाचा फोटो काढायचा, अ‍ॅपर्चरचा आकडा जास्तीत जास्त ठेवून. आकडा मोठा म्हणजे भोक लहान, आणि भोक लहान असलं की आत सेन्सरवर बसलेली धूळ उघडी पडते. तीन-चार फोटोंत डाग एकाच जागी आला तर तो बाहेरच्या काचेवरचा नाही, आतला आहे. या छोट्या कॅमेऱ्यांची लेन्स आत-बाहेर होते, भात्यासारखी हवा ओढते, आणि हवेबरोबर धूळही. लेन्स काढता येत नाही, त्यामुळे ती आपल्याला पुसता येत नाही.

दोन, वर्तमानपत्राचं अख्खं पान भिंतीला सपाट चिकटवायचं. समोर स्टुलावर पुस्तकं रचून कॅमेरा ठेवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा म्हणजे हात हलत नाही. चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचता येतात का पाहायचं. एक बाजू धूसर आली तर कॅमेरा उलटा, डोक्यावर ठेवून परत काढायचा. पानाची डावी बाजू धूसर होती ती आता उजवी झाली, तर दोष कॅमेऱ्याबरोबर फिरला. म्हणजे लेन्समधल्या काचा सरळ बसलेल्या नाहीत. धूसरपणा पानाच्या त्याच बाजूला राहिला, तर कॅमेरा निर्दोष, आपण वाकडा ठेवला होता.

तीन, झूम पंचवीस वेळा आत-बाहेर, बंद-चालू. अडकतो का, कुरकुरतो का, बघायचं.

आणि चार, हे सगळ्या वस्तूंना लागू: खोक्यावरचा, वस्तूवरचा आणि बिलावरचा सिरीयल नंबर एकच आहे का? वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे का? आणि बिल जर त्या गुळगुळीत कागदावर छापलेलं असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. तो कागद उष्णतेने छापतात, वर्षभरात अक्षरं उडतात, आणि वॉरंटीही वर्षाचीच असते!

दुकानातून परत आल्यावर मी कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन लावला. हा नंबर मी खोक्यावरून घेतला. हेही मुद्दाम सांगते. गुगलवर "कस्टमर केअर" शोधून पहिला दिसेल तो नंबर लावू नका. चोरांनी पेरलेले नंबर असतात. ते आधी गोड बोलतात, मग एक अ‍ॅप घ्यायला सांगतात, मग ओटीपी. तसं काही घडलंच तर लगेच १९३० वर फोन करायचा, तो सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे.

फोनवर एक मुलगी होती. तिने विचारलं, लेन्स पुसली का, बॅटरी काढून घातली का, रीसेट केलं का, फर्मवेअर नवं टाकलं का. मी प्रत्येकाला हो म्हटलं, कारण मी ते आधीच करून ठेवलं होतं. तरी तिने चारही परत करायला लावलं.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. मी टेलिफोन खात्यात नोकरी केली, आणि त्यातली बरीच वर्षं तक्रार विभागात काढली. १९८ नंबर फिरवला की पलीकडे आमच्यापैकी कोणीतरी असायचं. माणसं आमच्यावर ओरडायची. ओरडणाऱ्याची तक्रार लवकर सुटायची असं नाही, उलट त्याचं म्हणणं नीट लिहून घेतलं जायचं नाही. आमच्यासमोर ठराविक रकाने होते. माणसाचं दुःख त्या रकान्यांत बसवायचं, नंबर द्यायचा, पुढचा फोन घ्यायचा. त्या मुलीसमोरही रकानेच होते. तिला "तुमच्या कंपनीने फसवलं" हे लिहायला रकाना नव्हता. "सेन्सरवर डाग, सर्व फोटोंत एकाच जागी" याला होता. म्हणून मी तिला तेवढंच सांगितलं, हळू सांगितलं, आणि शेवटी विचारलं, "बाळ, तक्रार नंबर काय?" नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. नंबर नाही तर तक्रार झालीच नाही, नुसत्या गप्पा झाल्या.

मग ई-मेल केला, सहा फोटो जोडून. २७ जूनला उत्तर आलं की हे उत्पादनाच्या ठरलेल्या मर्यादेत आहे. मी उलट लिहिलं की ती मर्यादा कोणती, ती मला लेखी कळवा. याचं उत्तर मला आजपर्यंत आलेलं नाही. पण तो ई-मेल पुढे फार उपयोगी पडला, कारण मी विचारलं होतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं, हे तारखेसकट कागदावर राहिलं.

३ जुलैला सर्व्हिस सेंटर. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी. काउंटरवरच्या मुलाने जॉबशीटवर लिहिलं, "फोटो क्लिअर येत नाही". मी म्हटलं, असं नाही, तीन ओळी लिहा. डाग कुठे, धूसर बाजू कोणती, कॅमेरा बाहेरून निर्दोष, पडल्याची खूण नाही. तो म्हणाला, एवढी जागा नाही. मी म्हटलं, मागे लिहा. त्याने मागे लिहिलं. मी त्याचा फोटो काढला. कॅमेऱ्याचाही चारी बाजूंनी काढला. मेमरी कार्ड काढून घेतलं.

अठरा दिवसांनी कॅमेरा परत आला. शेरा होता, "तपासले, दोष आढळला नाही."

खरं सांगते, मला राग यायला हवा होता, पण मला आधी लाज वाटली. कारण हेच वाक्य आम्ही लिहायचो. पावसाळ्यात लोकांचे फोन खरखरायचे, केबलच्या जोडात पाणी जायचं. लाईनमन जायचा दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन पडलेलं, लाईन ठणठणीत. आम्ही लिहायचो, "टेस्टेड ओके", तक्रार बंद. रात्री पाऊस आला की परत खरखर. त्या माणसाला काय वाटत असेल, हे मला इतक्या वर्षांनी अंधेरीच्या काउंटरवर कळलं.

पण त्यातूनच एक शहाणपणही सुचलं. लाईनमनसमोर जो माणूस म्हणायचा, "साहेब, इथे उभे राहा आणि स्वतः ऐका," त्याचं काम व्हायचं. मी काउंटरवरच कॅमेरा चालू केला, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला, त्या मुलाला दाखवला. हा डाग तुम्हाला दिसतो का? दिसतो म्हणाला. मग तसं लिहा. त्याने लिहिलं. २५ जुलैला कॅमेरा परत जमा, १८ ऑगस्टला परत हातात. डाग गेला होता. डावी बाजू तशीच होती. आणि दोन दिवसांनी तिसरीच कटकट: लेन्स बाहेर येऊन अडकायची, पडद्यावर "लेन्स एरर". कधी व्हायचं, कधी नाही. असा लहरी दोष सर्व्हिस सेंटरच्या दारात शिरताच शहाण्यासारखा वागतो, म्हणून तो झाला त्या क्षणी दुसऱ्या मोबाईलवर त्याचं चित्रीकरण करून ठेवायचं. आम्ही केलं.

२२ ऑगस्टला तिसरी खेप. या वेळी आतून एक साहेब आले. त्यांनी बिल पाहिलं आणि म्हणाले, "हे संस्थेच्या नावावर आहे. म्हणजे व्यावसायिक वापर. वॉरंटी लागू नाही. लेन्सचे ९,६०० रुपये होतील."

मी घरी आले ती गप्पच. आमच्याकडे यजमान म्हणाले, "भर तू तुझ्या खिशातून आणि मोकळी हो." मी तसं करायला निघालेही होते. कारण ग्रुपवर मेसेज सुरू झाले होते. "सोसायटीचे अठ्ठावीस हजार पाण्यात." "मोबाईल काय वाईट होता?" आणि ते हातातून पडल्याचं. पैशांचं दुःख एवढं नव्हतं. पंचवीस वर्षं ज्यांच्याबरोबर एका जिन्यातून चढले-उतरले, त्यांना माझ्याबद्दल असं वाटावं, याचं होतं.

आपल्या खजिनदारांनी मला थांबवलं. म्हणाले, "काकू, तुम्ही भरलेत तर दोष तुमचा होता असं ठरेल." आणि ते डी विंगमधल्या आपल्या वकील ताईंकडे घेऊन गेले. ताईंनी ग्राहक संरक्षण कायदा उघडला. २०१९ चा कायदा, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. त्याच्या कलम २ मध्ये "व्यक्ती" या शब्दाची व्याख्या आहे, आणि त्यात माणसाबरोबर सहकारी संस्थाही आहे. स्पष्ट शब्दांत. वस्तू परत विकण्यासाठी किंवा धंद्यासाठी घेतली नसेल, तर सहकारी संस्था ही ग्राहक ठरू शकते. आपण फोटो विकत नाही, कॅमेरा भाड्याने देत नाही. आपला ठरावच सांगतो की कॅमेरा कशासाठी घेतला. तो कमिटीच्या सभेचा ठराव, ज्याला आपण कंटाळून हात वर करतो, तो इथे पुरावा झाला!

मग पत्र लिहिलं. कुणाला लिहायचं? खोक्यावर बघा. बंद पॅकिंगच्या वस्तूवर उत्पादकाचं, किंवा माल परदेशी असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि ग्राहकांच्या तक्रारीसाठी फोन आणि ई-मेल छापणं वजन-मापाच्या कायद्याने सक्तीचं आहे. म्हणून खोकं फेकायचं नाही, माळ्यावर जागा करा. पत्र दीड पानाचं. वस्तू, सिरीयल नंबर, तारखा, तीन तक्रार क्रमांक, तीन जॉबशीट, दोष काय, आम्ही काय केलं, तुम्ही काय केलंत, आम्हाला काय हवं. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. "योग्य ती कार्यवाही करावी" असं लिहिलं की योग्य काय हे ते ठरवतात. आम्ही लिहिलं: त्याच मॉडेलचा नवा कॅमेरा द्या, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा, पंधरा दिवसांत. एक प्रत दुकानदारालाही, कारण विकणाऱ्याची जबाबदारी "कंपनीकडे जा" म्हणून संपत नाही. रजिस्टर ए.डी.ने पाठवलं. ३१ ऑगस्टला पोहोचल्याची पोचपावती आली.

आणि ४ सप्टेंबरला तळमजल्यावरच्या आजी गेल्या.

(इथे मी सभेत थोडी थांबले होते. लिहितानाही थांबले.)

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी, १८ सप्टेंबरला, घरात मोदकाचं सारण शिजत असताना मी १९१५ नंबर लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. मराठीतही बोलता येतं. हे कोर्ट नव्हे, ते निकाल देत नाहीत. पण ते तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात, आणि पुष्कळ मोठ्या कंपन्या या व्यवस्थेत जोडलेल्या आहेत. खाली काउंटरवर जे कागद अडतात ते इथून वरच्या माणसाच्या टेबलावर जातात. पैसे लागत नाहीत.

२४ सप्टेंबरला आपली वार्षिक सर्वसाधारण सभा होती. हिशेबनीसांनी विचारलं, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये कॅमेरा आहे, तो प्रत्यक्ष कुठे आहे? मी उभी राहिले आणि जॉबशीट दाखवली. तेवढाच कॅमेरा होता माझ्याकडे. त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत, पण मागून कोणीतरी म्हणालं, "काकूंनी कागद ठेवलेत सगळे." मला तेवढं पुरलं.

२७ तारखेला कंपनीच्या मुख्य कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. आधी म्हणाल्या, लेन्स फुकट बदलून देतो. मी म्हटलं, ही तिसरी दुरुस्ती होईल, नव्या वस्तूला तीन दुरुस्त्या म्हणजे ती नवी राहिली नाही. आठ दिवस बोलणी झाली. शेवटी १२ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या तीन दिवस आधी, त्याच मॉडेलचा नवा, सीलबंद कॅमेरा मिळाला. वॉरंटी जुन्या तारखेपासूनच धरणार होते. मी ती चार महिने वाढवून मागितली आणि लेखी घेतली. घेतल्यापासून १२४ दिवस झाले होते. घरी आल्या आल्या वर्तमानपत्र भिंतीला चिकटवलं. चारही कोपरे वाचता आले.

समजा मिळाला नसता, तर? तर ठाण्याला जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो असतो. जुन्या कायद्यात विक्रेत्याचं कार्यालय असेल किंवा व्यवहार झाला असेल त्या जिल्ह्यात जावं लागायचं, आता आपण राहतो तिथे तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. ई-दाखिल नावाच्या पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता आली असती. आज २४ डिसेंबर हा ग्राहक दिन का, तर १९८६ साली याच तारखेला पहिल्या ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याच्याही आधी, १९७५ पासून, मुंबई ग्राहक पंचायत हेच काम करत होती. जुन्या सभासदांना आठवत असेल, आपल्या सी विंगच्या जिन्याखाली दर महिन्याला पंचायतीचं सामान उतरायचं आणि आपणच बायका वजनं करून, पिशव्या भरून वाटप करायचो. डाळीत खडा सापडला तर चिठ्ठी लिहून परत पाठवायचो. तेव्हा कोणी आपल्याला भांडखोर म्हटलं नाही. डाळीला जो नियम, तो कॅमेऱ्याला का नको?

आता शेवटचं, आणि हे मला कुठल्या कायद्यात सापडलं नाही.

दसऱ्याला आम्ही परत फेरी काढली. राहिलेली घरं झाली, आधीच्या अकरापैकी दहा परत काढली. आजींच्या दाराला कुलूप होतं. तुम्ही मला विचाराल, या मधल्या अडीच महिन्यांत मोबाईलवर एक फोटो का नाही काढला? हेच मी स्वतःला विचारते. रोज त्यांच्या दारावरून जात होते. आजी विचारायच्या, "आला का गं तुझा कॅमेरा?" मी म्हणायचे, येतोय. माझ्या डोक्यात तक्रार इतकी भरली होती की ती कशासाठी चालली आहे तेच मागे पडलं. तसबीर उचलून उजव्या बाजूला ठेवली असती, तरी काम झालं असतं. तेही सुचलं नाही.

तेव्हा तक्रार जरूर करा. नंबर घ्या, तारखा लिहा, खोकं ठेवा, पडतं घेऊ नका. पण ज्या कामासाठी वस्तू आणली ते काम तिच्यासाठी थांबवू नका. तक्रार चालत राहील तिच्या गतीने. माणसं थांबत नाहीत.

स्मरणिकेत आजींचा तो १८ जूनचा फोटोच छापायचा आहे. बी विंगच्या पोराने विचारलं, डाग काढून टाकू का, कॉम्प्युटरवर एका मिनिटात जातो. डाग त्याने काढला. डावी बाजू मात्र काही करून स्पष्ट होत नाही. फोटोखाली दोघांची नावं लिहिली आहेत, म्हणजे नव्या सभासदांना कळेल की ते पुसट दिसणारे गृहस्थ कोण.

कॅमेरा ऑफिसच्या वरच्या कप्प्यात आहे. खालच्या नाही. नोंद करून कोणालाही नेता येईल.